वकीलपत्रातली दोन नावं

असुन्सिओन,
शुक्रवार, २४ नोव्हेंबर

प्रिय माबेल,

हे पत्र कागदावर आलंय, कुरियरने आलंय आणि निमियाच्या ईमेलवरून आलेलं नाही, म्हणून तू आधी खालची सही पाहशील. तेव्हा आधीच सांगते. मी सुनिल्दा, निमियाची धाकटी बहीण. आपण एकदाच भेटलो, तू वकिलांच्या अदलाबदलीत इथे तीन आठवडे आमच्या घरी राहायला आलीस तेव्हा. त्या वेळी मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. आता 'तू' म्हणते आहे त्याचं कारण पुढे येईल. अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत. भिंग लावूनही तुला लहान अक्षरं दमवतात हे मला माहीत आहे. तेही मला कसं माहीत, हे पुढे येईल.

कामाचं आधी लिहिते. तुझ्या अशील इर्माबाईंच्या मुरंब्याच्या ट्रेडमार्कला इथे धोका आहे, हे तुला सप्टेंबरच्या पत्रात कळवलं होतं. 'सिएते इगेरास', सात अंजीरझाडं. बाईंच्या बरणीवर ती सात झाडं एका ओळीत उभी असतात, तशीच आठ झाडं काढून आणि 'ओचो इगेरास' नाव देऊन इथल्या एका कंपनीने नोंदणीसाठी अर्ज केला आहे. अंजिराचाच मुरंबा, तशीच बुटकी बरणी. तू लगेच उत्तर दिलंस, "हरकत घ्या. बाई एकोणऐंशीच्या आहेत, सगळं आयुष्य त्या बरणीत गेलंय." हरकतीचा मसुदा मी केला, तू दोन ठिकाणी दुरुस्त केलास, सगळं तयार झालं. हरकत घेण्याची शेवटची तारीख १२ डिसेंबर. आमच्या हिशेबाने अकरा दिवस उरले आहेत, तुझ्या हिशेबाने अठरा. आणि हरकत अजून दाखल झालेली नाही. त्या तारखेपर्यंत ती गेली नाही, तर आठवं झाड लावणाऱ्यांना नाव मिळेल आणि पुढच्या वर्षी बाईंचाच मुरंबा इथल्या दुकानांत नकली ठरेल.

या दिवस मोजण्यावरूनच तुमची दोघींची मैत्री सुरू झाली, नाही का? तू आलीस तो ऑक्टोबरचा महिना होता. अंगणात बसून आम्ही तेरेरे पीत होतो, बर्फाचं पाणी घातलेला पाल्याचा चहा, आणि तू तुझा थर्मास घेऊन आली होतीस, चाळीस अंश उन्हात उकळतं पाणी. पपा म्हणाले होते, "ह्या मुलीला ताप येईल." तू कामाच्या गोष्टीला लगेच लागलीस. आमच्याकडे हरकतीला साठ दिवस, पण फक्त कामाचे. शनिवार, रविवार, सणवार सोडून. तुमच्याकडे तीस, पण सगळे धरून. तू विचारलंस, "म्हणजे तुमच्याकडे रविवारी घड्याळ बंद पडतं?" निमिया म्हणाली, "पडतं तर. काकूबाईच्या सणालाही पडतं. तुम्ही तिकडे देवालासुद्धा सुट्टी देत नाही, म्हणून तुमचे लोक असे सुकलेले." काकूपेच्या देवीला ती लाडाने काकूबाई म्हणायची. तू हसता हसता ठसकलीस. मी आत चिपा, चीजचे छोटे पाव, भाजत होते आणि खिडकीतून ऐकत होते. बोलायला बाहेर आले नाही. मला ते कधी जमलंच नाही.

पेटंटवर तू आमच्या वकील संघटनेत तीन संध्याकाळी बोललीस, तेही मी मागच्या रांगेतून ऐकलं. सगळं टिपून घेतलं होतं. ती वही अजून ऑफिसात आहे.

त्याआधी ऑगस्टमध्ये निमिया तुमच्याकडे माँतेव्हिदेओला आली होती. तिथे काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला ते माहीत आहे हे सांगायला हवं. बूट पॉलिश बनवणाऱ्या अशिलाची फाइल तिच्याकडे दिली होती. तिने मुदत मोजली ती आमच्यासारखी, शनिवार-रविवार गाळून. एकोणीस तारखेला ती ऐटीत कागद घेऊन तुझ्या टेबलाशी आली आणि मुदत तर चार दिवसांपूर्वीच संपली होती. तुमच्या कार्यालयात वाढलेल्या कुणाच्या हातून अशी चूक होणं शक्य नव्हतं. तुमच्या कार्यालयाच्या मालकांनी, म्हाताऱ्या लाफितसाहेबांनी विचारलं, "कुणी मोजले हे दिवस?" आणि तू म्हणालीस, "मी." त्यानंतर महिनाभर ते तुझ्याशी धड बोलले नाहीत आणि जिनिव्हाच्या परिषदेला तुझ्या जागी दुसऱ्याच कुणाला पाठवलं. निमियाने हे मला विमानतळावरून येताना टॅक्सीत सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते. "सुनी, ती मला ओळखतही नव्हती गं. अकरा दिवसांची ओळख!" पपांना तिने ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग तुम्ही दोघींनी तो करार केलात. लेखी काही नाही. ती आमचं गॅझेट तुझ्या अशिलांसाठी वाचणार, तू तुमचं तिच्या अशिलांसाठी. कुणी कुणाचं नाव ढापतंय का, एवढंच पाहायचं आणि कळवायचं. सगळी वर्षं त्यात खंड पडला नाही. आता हे काम संगणक करतो म्हणतात. पण आमच्या ऑफिसात दर बुधवारी ते कसं चालायचं ते तुला तिने कधी सांगितलं का, मला माहीत नाही. ती स्वतः वाचत नसे. मी वाचायचे, मोठ्याने, एकसारख्या आवाजात, आणि ती डोळे मिटून ऐकायची. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक दुकानात नाव वाचत नाही, मागतं. तेव्हा नाव कानानेच तपासायचं. खटकलं की बोट वर करायची. मग मी चित्र दाखवायचे. कधी कधी तिला डुलकी लागायची आणि बोट तसंच वर राहायचं. मी म्हणायचे, "हे शाम्पूचं नाव आहे, तुझ्या कोणत्या अशिलाला नडतंय?" ती म्हणायची, "मला नडतंय. किती घाण नाव आहे." मग तुला पत्र जायचं. ती सांगायची, मी टंकायचे, ती सही करायची. आधी टपालाने, मग फॅक्सने, मग ईमेलने. खाली दोन ओळी घरच्या असायच्या. त्याही मीच टंकायचे. तुझ्या आईचं आजारपण, तुझ्या मुलीचं स्पेनला जाणं, माळ्यावरचा पियानो विकायचा की नाही, सगळं माझ्या हातांखालून गेलं. उत्तरं मात्र तिची असायची.

'ओचो इगेरास' मी वाचलं तेव्हा बोट वर करायला कुणी नव्हतं. मी स्वतःच थांबले.

काल सकाळी मी हरकत घेऊन नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीवर सिंदुल्फो होता. तू त्याला पाहिलं आहेस, तेव्हा तो नवा होता आणि शिक्के उलटे मारायचा. आता पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्याने कागद चाळले, आठ झाडांचं चित्र पाहून हसला. "एक झाड जास्त लावलं की बाग यांची झाली होय? छान आहे." मग त्याने वकीलपत्र उलटलं आणि हसायचा थांबला. चष्मा काढून पुसला. म्हणाला, "सुनिल्दाबाई, कागद सगळे नीट आहेत. माणसं नाहीत." मला समजलं होतं, तरी मी विचारलं, "म्हणजे?" तो म्हणाला, "यात दोन नावं. तुमचे वडील आणि निमियाबाई. वडिलांना पोहोचवायला मी होतो. बाईंनाही पोहोचवून जूनमध्ये घरी आलो तेव्हा माझे बूट भिजले होते. आता हे मी कसं घेऊ? समोरचा वकील दोन दिवसांत शोधून काढेल आणि हरकत फेकून देतील. आणि मलाही ती दोघं स्वप्नात येऊन झापतील." मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "ताई, आटपा." सिंदुल्फोने त्याला सांगितलं, "तू गप बस, तुझी मुदत मार्चमध्ये आहे." मग माझ्याकडे वाकून हळू विचारलं, "तुमचं नाव यात कसं नाही? इतकी वर्षं तर तुम्हीच येताय."

माबेल, असं कळवायचं नव्हतं. निमिया २ जूनला गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. कळल्यापासून सात आठवडे.

मी बाहेर पायऱ्यांवर बसले. सिंदुल्फोच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, पण रांगेसमोर देण्यासारखं नव्हतं. इर्माबाईंचं वकीलपत्र पपांनी केलं तेव्हा मी वकील होऊन चार वर्षं झाली होती. पपा म्हणाले, "तिघांची नावं घालू. न जाणो." मी म्हटलं, "दोन पुरेत, पपा." निमिया म्हणाली, "राहू द्या, हिचं नाव कुठे छापलं की हिला पुरळ उठतं." सगळे हसले, मीही हसले. तेच नंतर प्रत्येक वकीलपत्रात झालं. नोंदणीचं दोनदा नूतनीकरण झालं, वकीलपत्र तेच राहिलं. पपा गेले तेव्हा तरी माझं नाव घालून घ्यायला हवं होतं. मला वाटलं, निमिया आहे. इतकं साधं कारण आहे. बाईंच्या मुरंब्याचं नाव आज अडकलं आहे ते माझ्या नको नको म्हणण्यामुळे.

आता जे लिहायचं आहे ते जास्त अवघड आहे.

दवाखान्यात निमियाने मला बजावलं होतं, "माबेलला कळवू नकोस. तिच्या डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. रडत बसली तर डॉक्टर काय करणार? इंजेक्शनं संपली की सांग." तुझ्या डोळ्यांबद्दल तू फक्त तिला लिहिलं होतंस, तुझ्या भागीदारांनाही नाही. मी हो म्हटलं. ती गेल्यावर चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. खोकला बरा झाला का, असं विचारलं होतंस. तिने तुला खोकला सांगितला होता. मी उत्तर लिहायला बसले. गॅझेटबद्दल लिहिलं, मग हात थांबले नाहीत आणि खालच्या दोन ओळीही तिच्यासारख्या झाल्या. "खोकला गेला, आता फक्त आवाज बसलाय, घरात शांतता आहे म्हणून सुनी खूश आहे." ते वाचून मला हसू आलं, माबेल. चार दिवसांत पहिल्यांदा. ती बोलली असती तसंच होतं. मी ते पाठवलं.

तुझी इंजेक्शनं ऑगस्टमध्ये संपली. तू तसं लिहिलंस. म्हणजे तिने घालून दिलेली मर्यादा तिथे संपली. त्यानंतरची अकरा पत्रं माझी आहेत आणि त्यांना तिची परवानगी नव्हती. मी दर बुधवारी ठरवायचे की या पत्रात सांगायचं. मग तुझं पत्र उघडायचे, त्यात तिला काहीतरी विचारलेलं असायचं, आणि ती उत्तर देऊ शकत होती. तेवढा वेळ ती ऑफिसात असायची. मी दुसरी काही सबब देत नाही.

सप्टेंबरमध्ये तू विचारलंस की डोळ्यांचं भागीदारांना सांगू का. तुला वाटत होतं की ते तुझ्याकडच्या फाइली काढून घेतील. निमिया काय म्हणाली असती हे मला खरंच माहीत नव्हतं. कदाचित तिने मधला मार्ग काढला असता. ती लोकांना सांभाळून घ्यायची. मी लिहिलं, "सांग. एखादी मुदत चुकल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांग." ते माझं मत होतं. खाली तिचं नाव होतं. तू सांगितलंस. त्यांनी निम्म्या फाइली काढल्या आणि तू लिहिलंस, "तू म्हणालीस म्हणून केलं, दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं." ते वाक्य मी दोन महिने वाचते आहे. खरं बोल असं तुला सांगणारी बाई स्वतः कोण म्हणून लिहीत होती, ते तुला माहीत नव्हतं. त्या वर्षी तू तिची चूक आपल्या नावावर घेतलीस. मी माझे शब्द तिच्या नावावर घातले, आणि त्यात तुझं नुकसान झालं असेल तर तेही तिच्याच नावावर गेलं.

हे ईमेलने कळवता आलं असतं, चार दिवस वाचले असते. काल रात्री जेवल्यावर तसं लिहिलंही. पण वर पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं. ती गेली हे तिच्याच पत्त्यावरून मला लिहिता येईना. माझ्या नावाचा पत्ता ऑफिसात कधी केलाच नव्हता. आज सकाळी केला. तो लिफाफ्याच्या मागे आहे.

बाकी बातम्या फारशा नाहीत. घर तसंच आहे. तिच्या खोलीतल्या फाइली मी हलवल्या नाहीत, कपडे दिले. आंब्याला यंदा खूप फळ आलंय आणि शेजारचे लोक भिंतीवरून काठीने पाडतात, त्यांना मी काही म्हणत नाही. निमिया भांडली असती. तुमच्या गॅझेटमधून तू आमच्यासाठी कळवलेली तिन्ही प्रकरणं वेळेत मार्गी लागली, त्याबद्दल आभार. या वयात आणि अंधुक डोळ्यांनी तू ते अजून करते आहेस, याची मला लाज वाटते.

तर हे पत्र कशासाठी, ते आता. सोबत दोन वकीलपत्रं आहेत. मजकूर अक्षरशः सारखा आहे, नाव तेवढं वेगळं. एकावर माझं नाव आहे, पूर्ण, कुणाच्या खाली किंवा बरोबर नाही. दुसऱ्यावर एर्मेलिंदा येग्रोस यांचं. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं ऑफिस आहे, वीस वर्षं हेच काम करतात आणि सरळ बाई आहेत. मी त्यांना काल संध्याकाळी भेटून सगळं सांगितलं, तुला लिहिलेल्या पत्रांचंसुद्धा. त्या तयार आहेत. इर्माबाईंकडे जाशील तेव्हा त्यांनाही सगळं सांग, माझं काही झाकू नकोस. जिच्यावर विश्वास आहे तिच्या नावाच्या कागदावर त्यांनी नोटरीसमोर सही करावी. दुसरा कागद तिथेच फाडून टाका, मला परत पाठवू नका. सही केलेला कागद शिक्क्यासकट ११ डिसेंबरच्या सोमवारपर्यंत इथे पोहोचला पाहिजे. मंगळवार शेवटचा, आणि मधला शुक्रवार, आठ तारीख, देवीच्या सणाची सुट्टी आहे, हे कुरियरवाल्याला सांग. येग्रोसबाईंचं नाव आलं, तर फाइल मी त्यांच्याकडे उचलून नेईन आणि खिडकीपर्यंत त्यांच्यासोबत जाईन. माझं आलं, तर मी जाईन. मला काय व्हावंसं वाटतं ते इथे लिहीत नाही. या वेळी निर्णय तुझा आणि बाईंचा असावा, माझ्या कुठल्याही वाक्यामुळे झालेला नसावा. बाईंची सात झाडं दोन्ही कागदांनी वाचतात, तेवढी खात्री करून मगच मी हे पाकीट बंद करते आहे.

तुझीच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,

सुनिल्दा रेकाल्दे